लहान की मोठी?

शाळेत मुलींना लस टोचत होते. प्रत्येकीच्या शेजारी तिची आई बसलेली. नववीतल्या कुंदाच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी. तिची आई गर्भाशयमुखाच्या ज्या कर्करोगाने गेली, तो टाळणारीच ही लस. वडील त्याआधीच गेलेले. आता पालक म्हणजे चुलते, शाळा समितीचे अध्यक्ष तुळजाराम तात्या.

"आमच्या पोरीला सुई नको. लोक नावं ठेवतील," मुख्याध्यापिका बाईंच्या शेजारून तात्या गरजले.

"तात्या, मला हवी आहे."

"गप बस! लहान पोरीला काय कळतंय?"

कुंदा उठून उभी राहिली. "मग रविवारी पाहुण्यांपुढे पोहे घेऊन मला का पाठवलंत? 'पोरगी मोठी झाली, तिला सगळं कळतं, तिलाच विचारा,' असं तुम्हीच म्हणालात. आता बाईंसमोर सांगा, मी लहान की मोठी? लहान असेन, तर लग्न मोडा. मोठी असेन, तर सुई घेते आणि पाहुण्यांना नकारही मीच कळवते."

लग्नाचं ऐकून बाईंनी चष्मा काढला आणि तात्यांकडे रोखून पाहिलं.

"टोचा," तात्या पुटपुटले, "आणि लग्नाचं म्हणाल, तर... लहान आहे हो ती अजून."

सुई पुढे आली. बाकीच्या मुलींचे डोळे त्यांच्या आया झाकत होत्या. कुंदाने आपले डोळे आपल्याच हाताने झाकले.