सतारींच्या गल्लीवरची खिडकी

९ डिसेंबर. मिरजेत कोरडी थंडी होती, आभाळ स्वच्छ. हेमलता बिडकर दुपारी लॉजच्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे वडील मागच्या गल्लीत सतारी बनवायचे. ते गेले आणि गल्ली सुटली, त्याला चाळीस वर्षं झाली. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या तारा जुळवल्याचा आवाज एकदा ऐकायचा, एवढ्यासाठी त्या एकट्या आल्या होत्या. त्या गल्लीवर खिडकी उघडणारा लॉज हा एकच होता.

मालकांनी मानही वर केली नाही. "सोबत कोण?"

"कुणी नाही."

"मग जमायचं नाही, बाई. एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"का हो, इथे उतरणारे लोक वाईट आहेत?"

मालक ताठ झाले. "तीस वर्षांत कुणी बोट दाखवलेलं नाही! एकूण एक सज्जन."

हेमलताबाईंनी पिशवीतून वही काढली. आतली कडी, जिन्यातला दिवा, शेजार, अशी प्रत्येक लॉजची नोंद तीत होती, आणि एकट्या फिरणाऱ्या कितीतरी बायका ती उतरवून घेत.

"मग तुम्हीच सांगा, काय लिहू? इथे धोका आहे म्हणून खोली नाही, की धोका नसूनही खोली नाही? पहिल्यानं लॉजचं नाव जाईल, दुसऱ्यानं तुमचं."

मागे बॅगा घेऊन उभी असलेली बाई नवऱ्याला म्हणाली, "थांबा हो, काय सांगतात ते ऐकू."

मालकांनी सहा नंबरची किल्ली पुढे सरकवली.

कडी आतून पक्की बसली. सकाळी सहा पन्नासला गल्लीत पहिली तार जुळली.