घोडीवरचा जीव

“यकृत नक्की कुठल्या बाजूला असतं, चाचा?”

दस्तगीरचाचांनी कानामागं तळवा धरला. “काय म्हणालास?”

“यकृत! लिव्हर!” जिनदत्त ओरडला आणि त्यानं उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली. “इथंच ना? इथं दाबलं की कसंतरीच होतं.”

“मग दाबू नकोस.”

कारखान्यात आम्ही तिघंच होतो. चाचा, मिरजेतले जुने तंबोरे करणारे, वय ब्याऐंशी. जिनदत्त चौगुले, अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला. आणि मी, भोपळ्यांना पॉलिश करणारा. जिनदत्तच्या कानाला तोड नाही, हे मी मानतो. माझ्याहून जास्त तो स्वतः मानतो. पण चाळीस दिवस हा माणूस फिरकला नव्हता, आणि आज आला तो काखेत फाइल मारून. तो दारात दिसला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

“फुल बॉडी चेकअप केलं,” त्यानं फाइल उघडली. “यकृताचं छप्पन्न आलंय. चाळीसच्या आत पाहिजे. हे बघा, आकडा ठळक छापलाय. पुढं चांदणी आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“थोडी चरबी आहे म्हणाले. तेलकट कमी करा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत रक्त तपासा.”

“मग, चालतोस का?”

“चालायचं कसं? धसकाच बसलाय.”

“आणि तपासणी?”

“केली की. परत तीनदा केली, तीन ठिकाणी. एकावन्न, एकोणसाठ, चोपन्न. एकाचा एकाशी मेळ नाही!”

चाचांनी फाइल मिटून त्याच्या हातात परत दिली.

“मी काम सोडतोय,” जिनदत्त म्हणाला. “या पॉलिशच्या वासानं यकृत जातं. मी वाचलंय.”

“डॉक्टरांना विचारलंस?”

“विचारलं. तुमच्या बाबतीत त्याचा काही संबंध नाही, म्हणाले. घाईत होते ते.”

मी हातातला बोळा खाली ठेवला. पॉलिश करतो मी, वीस वर्षं. हा दाराशी वाऱ्यावर बसून तारा लावतो. माझा आकडा किती, हे त्यानं एकदा तरी विचारावं!

चाचा उठले. भिंतीला टेकवलेला तंबोरा त्यांनी उचलला आणि सतरंजीवर आडवा ठेवला.

अकरा वर्षांत त्यांनी जिनदत्तला सगळं दिलं होतं, फक्त जवारी, म्हणजे तारेला गुंजायला लावणं, तेवढी राहिली होती. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिथं प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. केसभर पुढं, केसभर मागं. जागा सापडली की तार बोलायला लागते. ती जागा सूर मोजायच्या मशीनवर दिसत नाही. आमच्या धंद्यात त्या दोऱ्याला जीव म्हणतात.

“बस. हे शिकून घे, मग कुठं जायचं तिथं जा.”

“आत्ता माझी मनःस्थिती नाही, चाचा.”

“तू नव्हतास तेव्हा माझा डावा कान गेला. उजव्यात थोडं राहिलंय. तुझी मनःस्थिती येईपर्यंत ते थांबेल?”

“तुम्हाला कळत कसं नाही? माझ्या जिवाचा प्रश्न आहे!”

“आणि माझ्या नाही?”

ब्याऐंशी वर्षांच्या छातीत एवढा आवाज शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं.

“चाळीस दिवस! तीन महिन्यांनी रक्त द्यायचंय ना, मी येतो तुझ्याबरोबर. सुई टोचताना हात धरून उभा राहतो. पण मधले दिवस कुणी मागितले होते? डॉक्टरांनी मागितले? माझे दिवस होते ते! कुणाला विचारून नेलेस?”

जिनदत्तचं तोंड लालबुंद झालं. त्यानं फाइल आपटली आणि धपकन बसला.

“एकदाच. मग मी चाललो.”

चाचांनी वाकून भोपळ्याला कपाळ टेकवलं. हल्ली ते असंच ऐकायचे. एका हातानं त्यांनी तार छेडली.

कोरडा आवाज आला.

“पुढं.”

जिनदत्त उजव्या हातानं दोरा सरकवत होता. डावा हात बरगडीखालीच होता.

“जास्त झालं. मागं घे.”

“मशीन लावून बघू का?”

“खिडकीतून फेकून देईन.”

पुढं... मागं... पुन्हा पुढं. दोघांपैकी कुणीच राग गिळायला तयार नव्हतं. माझ्या बोळ्यातलं पॉलिश वाळून गेलं.

आणि एकदम तार उघडली. चाचांनी बोट उचललं तरी सूर थांबेना. माझ्या पायाखालच्या फरशीला तो कळत होता. जिनदत्तनं मान वर केली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा हा माणूस स्वतःला सोडून दुसरं काही ऐकत होता.

मग त्याला भीती वाटली, दोरा घसरला तर? त्यानं झटकन त्यावर बोट दाबलं. बोट तारेला टेकलं आणि सूर गेला.

चाचांनी पुन्हा छेडली. ठप्प.

“जीव सापडला होता ना?” त्यांनी कपाळ न उचलता विचारलं.

“सापडलाय की. म्हणून तर धरून ठेवलाय. सरकला म्हणजे?”

चाचांनी पुन्हा छेडली. ठप्प.

“हात काढ.”

जिनदत्तनं घोडीवरच्या बोटाकडं पाहिलं. मग बरगडीखालच्या पंजाकडं पाहिलं.

“कुठला?”

चाचांनी कपाळ उचललं. डोळे भरले होते आणि राग तसूभर कमी झाला नव्हता.

“दोन्ही, गाढवा! दोन्ही!”