डावीकडचा आवाज

“…पण मग डावीकडूनच मोठा का, बाबा? चारी अंगांनी सारखा नको का यायला?”

अण्णा भंगाळे रिमोट हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे होते.

दयाळमुनीबाबा सतरंजीवर भिंतीला पाठ लावून बसलेले. वय झालेलं, मठापासून सावद्याच्या ह्या गल्लीपर्यंत पायी आलेले. त्यांनी आधी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, मग विचारलं, “कशाचं म्हणता?”

“ह्याचंच हो. हेमंतच्या ह्या पसाऱ्याचं.”

पसाराच होता तो. टीव्हीखाली एक लांबोडका स्पीकर, दोन्ही बाजूंना दोन उभे, मागच्या भिंतीवर चढवलेले दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर तो धमधम करणारा डबा. भंगाळ्यांच्या पोराने दिवाळीत तो जळगावहून आणून जोडला तेव्हा शेजारच्या घरांतली भांडी मांडणीवर वाजली होती. समोरच्या झांबरेकाकू दारात येऊन विचारून गेल्या होत्या, बाई, घरात हत्ती बांधला का म्हणून.

हेमंत जळगावला नोकरीला. रविवारी घरी यायचा आणि जेवण झालं की आवाज लावत बसायचा. कोणता स्पीकर किती मोठा, कोणता किती लांब, सगळं त्या रिमोटवरून ठरवता येतं म्हणे. पण हा पोरगा टीव्हीकडे बघायचं सोडून एक बटण दाबायचा आणि आईच्या तोंडाकडे बघायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा बघायचा.

मंदाताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपल्या पाटावर लसूण सोलत बसलेल्या असायच्या.

“अरे, आवाज कानाने लावतात,” अण्णा आपल्या खुर्चीतून म्हणायचे. “आईच्या तोंडाने नाही.”

हेमंत हसायचा.

पौषातल्या एका रविवारी तो घरी यायला निघाला आणि पोचला नाही.

… 

घर मग महिनाभर मुकंच होतं. पुढे कधीतरी अण्णांनी टीव्ही लावला, आणि पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ही, की आवाज डावीकडे झुकलाय. पोरगा होता तेव्हाही झुकलेलाच होता. तेव्हा त्याला रागावता तरी येत होतं.

अण्णांनी आपल्या परीने उपाय केला. डाव्या स्पीकरवर जाडसर पंचा टाकून ठेवला. पण दुपारी झोपून उठावं तर पंचा घडी होऊन खुंटीला. बायकोला टापटिपीचं वेड, असं म्हणून ते पुन्हा टाकायचे. दुसऱ्या दुपारी पुन्हा घडी, पुन्हा खुंटीला.

ह्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

आज बाबा घरी यायचे म्हणून अण्णांनी स्वतःच पंचा काढला होता आणि कृष्णाचं एक भजन लावलं होतं. गाणारा गळा चांगला होता. पण टाळ डाव्या कानाशी कुणी मुद्दाम येऊन वाजवावेत तसे, आणि मृदंग उजवीकडे कुठेतरी दूर, शेजारच्या घरात. अण्णांना शरमल्यासारखं झालं. ते मठातले जुने. प्रवचनाला पहिल्या ओळीत बसणारे. बाबा वाक्यात अडले तर पुढचा शब्द अण्णा पुरवायचे. “माझ्या कानातून काही सुटत नाही,” हे ते चारचौघांत सांगायचे, आणि प्रवचनापुरतं ते खरंही होतं.

तेवढ्यात मंदाताई दुधाचा पेला घेऊन आल्या. वाकून बाबांपुढे ठेवला. बाबा त्यांच्या डाव्या अंगाला होते.

“साखर नको होती, माय,” एक घोट घेऊन बाबा म्हणाले.

मंदाताई उत्तर न देता वळल्या.

अण्णा ओशाळले. “बाबा, मनावर घेऊ नका. लक्षच नसतं हिचं. हेमंत गेल्यापासून…”

“गेल्यापासूनच?”

“तशी आधीपासून जराशी घुमी. दोनदा हाक मारावी तेव्हा ओ देणार.”

मंदाताई उंबऱ्याशी पोचल्या होत्या. खाली पडलेली लसणाची सालं उचलायला त्या वाकल्या, आणि त्यांची उजवी बाजू खोलीकडे झाली. बाबांनी पुन्हा हाक मारली. मघापेक्षाही हळू.

“माय.”

“जी बाबा?”

“काही नाही. दूध चांगलं आहे.”

त्या आत गेल्या. बाबा पेल्यातल्या सायीकडे बघत राहिले.

अण्णांच्या मनात मात्र आवाजच घोळत होता. “तुम्हीच शिकवलंय ना, बाबा, चित्त कुठे झुकू द्यायचं नाही म्हणून. मग ज्या घरात तुमचं भजन लागतं तिथला आवाज असा एकांगी असावा? आज तुमच्यासमोरच सरळ करतो.”

त्यांनी बटणं दाबली. भजन चालूच होतं. पडद्यावर वर इंग्रजी अक्षरं आली. हेमंतने लावलेलं सगळं पुसून, यंत्र दुकानातून आलं तसं करायचं का? हो. नाही.

अण्णांचा अंगठा ‘हो’वर गेला.

“राहू द्या ना तसंच.” मंदाताई दारात येऊन उभ्या होत्या. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण नवऱ्याचा अंगठा ओळखता येत होता.

“बघा,” अण्णा बाबांकडे झुकून म्हणाले. “पोराचा हात लागलाय म्हणून. मला काय कळत नाही? माझाही पोरगाच होता तो. पण त्याला नाही जमलं लावायला. शेवटचं काम चुकलेलं ठेवून गेला. बापाने ते सरळ करून द्यायला नको?”

बोलता बोलता त्यांचा आवाज ओला झाला. रिमोट धरलेला हात मात्र खाली आला नाही.



बाबा भिंतीला धरून उठले. सावकाश खोली ओलांडून उंबऱ्याशी गेले आणि मंदाताईंच्या पाटावर बसले.

“अहो बाबा, तिथे कुठे? इकडे खुर्चीत बसा,” अण्णा लगबगीने पुढे झाले.

बाबांनी डोळे मिटले. डावा तळहात उचलला आणि डाव्या कानावर घट्ट दाबून धरला.

तसेच बसून राहिले. भजनाचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

अण्णांना वाटलं, आवाज सोसवत नाही म्हणून कान झाकलाय. “बंद करू का, बाबा?”

बाबांनी डोळे उघडले. पाटावरून उठले आणि पाटाकडे बोट केलं.

“बसा.”

अण्णा बसले. ह्या पाटावर ते जन्मात बसले नव्हते. इथून टीव्ही तिरपा दिसत होता आणि त्यांची स्वतःची खुर्ची अगदी आडवी येत होती.

“हात.”

अण्णांनी डाव्या कानावर हात ठेवला.

आणि टाळ कानापासून हलले. जसा कुणी वाजवणारा अदबीने मागे सरकून आपल्या जागी जाऊन बसला. मृदंग शेजारच्या घरातून ह्या घरात आला. गाणारा समोर, बरोबर मधोमध उभा राहिला, आणि त्याचा शब्द न शब्द ऐकू येऊ लागला.

अण्णांनी हात काढला. आवाज डावीकडे कलंडला. हात ठेवला. सरळ झाला.

त्यांनी पुन्हा हात काढला नाही.

आता हे काही गल्लीत गुपित नव्हतं. झांबरेकाकूंना निरोप सांगायचा असला की त्या मंदाताईंच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहायच्या. भाजीवाली आधी डोळ्यांसमोर यायची, मग भाव सांगायची. देवळात बायका त्यांच्यासाठी डाव्या भिंतीकडची जागा धरून ठेवायच्या, म्हणजे सगळ्या जणी उजवीकडे येतील. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच.

एका अण्णांना सोडून.

अण्णांनी पाटावरूनच मान वर करून बायकोकडे पाहिलं. “डावा कान?”

मंदाताईंनी मान हलवली.

“कधीपासून?”

“झाली की वर्षं. आधी घूं घूं वाजायचं. मग तेही थांबलं.”

“आणि मला सांगितलं नाही तू.”

मंदाताईंनी पदराला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

“सांगितलं होतं.”

“केव्हा?”

“तुम्ही बाबांचं प्रवचन ऐकत होते. टेपवर…” त्या थांबल्या. बाबांसमोर हे बोलावं की नाही, असं त्यांना झालं असावं. “हूं म्हणाले होते तुम्ही.”

बाबांची मान खाली गेली.

खोलीत भजन चालू होतं. पडद्यावरचा प्रश्न कुणी उत्तर देईना म्हणून आपोआप मावळला होता. रिमोट अण्णांच्या मांडीवर पालथा पडला होता आणि तळहात अजून कानावर होता, जणू तो काढला तर पोरगा पुन्हा चुकीचा ठरेल.

त्यांच्या डोळ्यांसमोर तो आला. रविवारची दुपार, एक बटण, आईचा चेहरा. आणखी एक बटण, पुन्हा आईचा चेहरा. आणि एका बटणाशी लसूण सोलणारा हात थांबायचा, ओठ भजनाबरोबर हलू लागायचे, तेव्हा पोरगा हसायचा. आपल्याला हसतो असं वाटायचं त्यांना.

“मी त्याला काय काय बोललो, बाबा,” अण्णा म्हणाले. “अक्कल काढली त्याची. पाहुण्यांसमोर काढली. सगळं ऐकून घेतलं त्याने…”

मंदाताई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. उंबऱ्याशी जागा अपुरी होती, तरी बसल्या.

“एका शब्दाने तरी सांगायचं होतं त्याने मला. एवढा का मी परका होतो? एकदा तरी सांगायचं…”

बाबांनी झोळी खांद्याला लावली. दारापर्यंत गेले. तिथे डाव्या स्पीकरपाशी थांबले आणि झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

“रोज सांगत होता, अण्णा,” ते म्हणाले. “डावीकडून.”