सगळ्यात वरची फळी

लाकडं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. रखमाजीच्या छोट्या आरा गिरणीत चिरलेल्या मालाची थप्पी होती. सगळ्यात वर एक सागवानी फळी, आणि तळाशी, मालाला ओल लागू नये म्हणून, बाभळीचे ठोकळे.

गिऱ्हाईक आलं की फळी रखमाजीच्या आधी बोले. "पाळण्यासाठी हवीय? मग भाव दुप्पट. पाळण्यात राजपुत्र निजणार आहे का?" गिऱ्हाईक निघून जाई. "जाऊ दे," फळी म्हणे, "आपण काय चिखलात पडलोय?"

एकदा एक गाडीवान आला. उतारावर चाकाखाली लावायला त्याला ठोकळे हवे होते. रखमाजी घुटमळला.

"देऊन टाका की फुकट!" फळी वरून खेकसली. "या ठेंगण्यांना कसला आलाय भाव? उलट आमचाच पडतो."

"बाई, आम्ही गेल्यावर तुम्ही टेकाल कशावर?" एका ठोकळ्याने विचारलं.

"माझ्या किमतीवर!"

फळीच्या भावाची स्वप्नं बघणाऱ्या रखमाजीने ठोकळे देऊन टाकले आणि थप्पी जमिनीवरच रचली. पावसाळ्यात माती भुसभुशीत झाली, थप्पी कलंडली आणि सगळ्यात वरची फळी सगळ्यात आधी चिखलात पडली. चिखलाने भाव विचारला नाही.

दसऱ्यापर्यंत फळी अशी वाकली, की तिचा पाटसुद्धा होईना. मग रखमाजीने तिचे ठोकळे पाडले आणि नव्या थप्पीखाली मांडले.

"खाली कोण आहेत हे ठेंगणे?" वरून नव्या सागवानी फळीने विचारलं.

ठोकळ्यांना बरंच काही सांगायचं होतं. पण डोक्यावर ओझं फार होतं.