भिवरेचा ओला आंबा

फार वर्षं झाली, इतकी की तेव्हा सोनथळच्या ओढ्यावर पलीकडे जायला साकवसुद्धा नव्हता. पण माउलीचं देऊळ होतं, आणि देवळासमोर माउलीचा आंबा होता. त्या आंब्याखाली एका सकाळी गावच्या चिताऱ्याला तान्ही मुलगी सापडली. कुणाची, कुठली, देवाला ठाऊक. झाडाने रात्रभर तिच्यावर पानं टाकून तिला ऊब दिली होती, असं म्हणतात. चिताऱ्याने तिला घरी नेलं, भिवरा नाव ठेवलं आणि जरा मोठी झाल्यावर हातात कुंचला दिला. पुढे चितारी गेला, भिवरा एकटी राहिली, पण त्या झाडाला ती आईच म्हणायची. येता-जाता खोडावर हात ठेवायची. लोक हसायचे. हसोत बापडे.

आता सोनथळची रीत ऐका. वैशाखी पुनवेला माउलीच्या झाडाचा पहिला आंबा माउलीसमोर तबकात ठेवायचा, मगच गावाने आंबा तोंडात घालायचा. आणि ज्या वर्षी झाड हा मान चुकवील, त्या वर्षी ते तोडायचं. वाडवडिलांनी घालून दिलेलं, तिथे कुणाचं काही चालायचं नाही.

आणि एका वर्षी झाडाने मान चुकवला. मोहोरच धरला नाही. जिथे मोहोर यायचा तिथे नुसती पालवी फुटली. रवळोजी गावकर तेव्हा गावाचा प्रमुख. माणूस भला, पण रीतीला कट्टर. त्याने कुऱ्हाडीला धार लावायला सांगितली. भिवरा धावतच आली. आई तोडणार म्हटल्यावर कुणाचं काळीज जागेवर राहील?

तिने गावकराचे पाय धरले. म्हणाली, झाडाचं फळ मी फळीवर रंगवते आणि तबकात ठेवते, मान्य की अमान्य ते माउलीला विचारा. माउलीचा शब्द गावकराच्याही वर, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. एवढंच म्हणाला, की माउलीला फसवायला जाऊ नको, चिताऱ्यांचे आंबे लांबूनच ओळखू येतात.

ते मात्र खरं होतं. चितारी रंग कालवायचे चिकट सरसात, आणि तो हा हा म्हणता सुकायचा. म्हणून इथे हिरवा, इथे लाल आणि मध्ये कुंपणासारखी काळी रेघ. दिसायला देखणं, पण आंबा नव्हे. माउलीचा आंबा देठाशी हिरवा आणि गालावर लाल. त्यात हिरवा कुठे संपला आणि लाल कुठे सुरू झाला, बोट ठेवून दाखवा बघू!

भिवराने सरस बाजूला सारला आणि दारं रंगवायचं जवसाचं तेल घेतलं. तेलातला रंग लवकर सुकत नाही, एकात दुसरा मिसळता येतो. फणसाच्या फळीवर तिने हिरवा लावला, शेजारी लाल लावला आणि दोघे भिडले तिथे हलकेच बोट फिरवलं. झाला की चिखल! पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तोच तपकिरी चिखल. गावकर डोकावून गेला आणि नासक्या फळाकडे बघावं तसं बघत म्हणाला, "गे भिवरा, ह्यो आंबो तर कुसको."

पुनव तोंडावर आली. भिवरा झाडाखाली जाऊन बसली आणि मन भरून रडली. रडता रडता तिची नजर वर गेली. डहाळीच्या टोकाचं कोवळं पान तांबडं होतं. त्याच्यामागचं केशरी, त्याच्यामागचं पिवळसर, मग पोपटी, आणि सगळ्यात मागचं जून हिरवं. तांबडा हिरव्याकडे थेट जातच नव्हता. पिवळ्याच्या घरून जात होता. वाऱ्याची झुळूकही नसताना ती डहाळी तिच्या मांडीपर्यंत वाकली होती, असं म्हणतात.

भिवरा धावत घरी आली. वाटेत गावकराने विचारलं, आता काय करतेस? ती म्हणाली, "झाडान आंबो दिल्यान नाय, पण रंग दिल्यान."

मग तिने आधी पिवळा लावला. पिवळ्याच्या एका कडेला थोडा हिरवा, दुसऱ्या कडेला थोडा लाल. दर खेपेला कुंचला पुसायचा, दर खेपेला रंग जरासाच बदलायचा. सावलीला काजळी घातली नाही, हिरव्यातच थोडी नीळ कालवून तो गडद केला. खाली पितळेचं तबक काढलं आणि तबकाची पिवळी झाक आंब्याच्या पोटावर चढवली. रेघ म्हणाल तर औषधालाही नाही.

पुनवेच्या सकाळी सगळा गाव देवळात. बाहेर कुऱ्हाड घेऊन माणसं उभी. फळी माउलीसमोर ठेवली आणि देवळात पिकल्या आंब्याचा घमघमाट सुटला, असं म्हणतात. रीत अशी, की आंब्याचा देठ गुरवाने माउलीकडे वळवायचा. गुरवाला सगळं ठाऊक होतं, तरी सवयीने त्याचा हात गेला, आणि तो दचकून अंगठ्याकडे बघतच राहिला. "आंबो वलो आसा!" तो म्हणाला.

मग कौल लावला. ओल्या पाकळ्या माउलीच्या अंगावर चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गावकराने गाऱ्हाणं घातलं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच उजव्या अंगाच्या साऱ्या पाकळ्या एकदम खाली आल्या. असा कौल कुणी पाहिला नव्हता! गावकराने स्वतः बाहेर जाऊन कुऱ्हाड ओढ्यात फेकली आणि भिवराला माणसांनी खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी झाडाच्या शेंड्यावर एक पिकला आंबा लोंबत होता, आणि त्याच्या गालावर अंगठ्याएवढा फिकट डाग होता. त्या झाडाच्या प्रत्येक फळावर तो डाग अजून असतो.

भिवराला जाऊन किती पिढ्या झाल्या! पण सोनथळात अजून खऱ्या आंब्याआधी रंगवलेल्या आंब्याला मान आहे. दर वैशाखी पुनवेला एकेका घराची पाळी. रेघ दिसली तर फळी परत. रंग सुकलेला असला तरी परत. गुरव ओल्या आंब्यावर अंगठा उठवतो आणि गाऱ्हाणं घालतो, की माउली, जिने आपली आई राखली त्या भिवरेच्या हाताला यश दिलंस, तसं आमच्या लेकींच्या हातांना दे. आणि सगळा गाव, झाडावरचे पक्षी उडतील एवढ्या मोठ्याने, म्हणतो, "व्हय म्हाराजा!"