बुरशीचा स्वयंपाक

झाडं अजून पायी एकमेकांकडे जायची, तेव्हाची गोष्ट. एका वारुळात चंद्री वाळवी मुकादम होती. तळघरात लाकडाच्या भुशावर पांढरी बुरशी दिवसभर पसरलेली बघून तिचं डोकं फिरलं.

"आम्ही ओझी वाहायची आणि तू लोळायचं? चालती हो."

बुरशी दाराबाहेर पडलेल्या एका फांदीवर जाऊन बसली.

चंद्रीने सगळ्यांना कोरडा भुसाच वाढला. पोटं टम्म फुगली, पण भूक काही जाईना. तिसऱ्या दिवशी पिल्लं रडायला लागली, तेव्हा चंद्री खाली मान घालून बाहेर आली.

"आक्का, लाकूड पचेल इतकं मऊ तूच करत होतीस. घरी चल."

"येईन सावकाश. आधी पिल्लांना इकडे पाठव. दारातली फांदी मी पहिल्याच दिवशी शिजत घातलीय."