आंबट झाडाची साल

बर्फाच्या डोंगराखाली एक जंगल होतं आणि त्या जंगलात एक साळू, म्हणजे साळिंदर, राहत असे. मुलांनो, तिथली सफरचंदं इतकी गोड, की मुंग्या म्हणे एक घास खाऊन दोन दिवस नुसत्या पाणी पीत बसायच्या. सगळी झाडं एकाच झाडाची. त्याच्याच फांद्यांची कलमं माकडांनी रानभर बांधली होती. चव तीच, रंग तोच. बी पडून उगवलेलं झाड मात्र आईबापांसारखं निघेलच असं नाही; कुठलं तुरट, कुठलं आंबट. अशा झाडांचं फळ दरवर्षी अस्वल चाखून बघे. ते थुंकलं, की साळूने त्या झाडाची साल गोल कुरतडायची, म्हणजे झाड उभ्याउभ्या वाळून जाई. त्याबद्दल तिला गोड फळांचा वाटा मिळे.

त्या वर्षी असं एकच आंबट झाड उरलं होतं. साळूने अर्धी साल सोलली आणि दम खायला थांबली. वर पाहिलं तर पानं हिरवीगार. मग तिची नजर भोवती फिरली. गोड झाडांच्या पानांवर रोगाच्या काळ्या खपल्या चढल्या होत्या. एका झाडावर, शेजारच्यावर, साऱ्या उतारावर. एकाच रक्ताची झाडं; एकाला लागलं ते सगळ्यांना.

"दात का थांबले, साळूबाई?" मागून अस्वल म्हणालं.

"दादा, या झाडाला खपली नाही."

"चवही नाही."

"चव तुमच्या गोड झाडांकडे आहे. दोघांचं लग्न लावू आणि होईल ते बी पेरू."

"आणि तोवर मी काय खाऊ? तुझे काटे?"

"तोवर मुळं खा. सगळं रान वाळल्यावर थंडीआधी अंगावर चरबी कशी चढवणार, ते तुम्हीच सांगा."

अस्वलाने उताराकडे पाहिलं. "वसंतापर्यंत थांबतो," ते गुरगुरलं. "नाही जमलं, तर तुझी साल मी काढतो."

थंडीभर साळू झाडाच्या जखमेवर ओला चिखल थापत राहिली. जखम आपल्याच दातांची, तक्रार सांगणार कुणाकडे? वसंत आला तेव्हा उतारावर एकच गोड झाड जिवंत होतं आणि त्याला फुलांचा एकच घोस. आंबट झाडाच्या कळ्या मात्र मिटलेल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. गोड घोसातली फुलं गळू लागली. तिसऱ्या दुपारी आंबट झाडाची एक कळी उघडली. एक मधमाशी आत शिरली, परागांनी माखून बाहेर आली आणि उडाली ती नेमकी उलट्या दिशेला. साळूने श्वास रोखला. मधमाशीने एक घिरटी घेतली, वळली, आणि गोड घोसात उरलेल्या शेवटच्या फुलावर जाऊन बसली.

एक फळ धरलं. त्यात सात बिया निघाल्या, सात रोपं उगवली. दोन रोपं खपलीने गेली. तीन इतकी आंबट निघाली, की चाखणाऱ्या माकडांचे कान आपोआप हलले. एकाला फळच येईना. सातव्याचं फळ सहा वर्षांनी अस्वलाने तोंडात टाकलं, आणि ते थुंकलं नाही. पानंही स्वच्छ होती.

"झालं तर," ओठ चाटत अस्वल म्हणालं. "आता बाकीची सगळी पाड. रानभर याचीच कलमं लावू."

माकडं फांद्या आणायला धावलीसुद्धा. साळू मात्र जुन्या आंबट झाडापाशी गेली आणि अस्वलाकडे पाठ करून उभी राहिली. पाठीवरचा एकेक काटा ताठ झाला.

"पाडते की," ती म्हणाली. "आधी एवढंच सांगा, पुढचा रोग कोणता येणार आहे?"

अस्वलाने माकडांना हाक मारून थांबवलं, आणि ते तिथेच खाली बसलं.

तात्पर्य : आपल्या जिभेपुरतंच रान राखू नये, उद्याच्या संकटावरचा उतारा आजच्या नावडत्या झाडातही असू शकतो.